दोन खटके मागं

गाडी परळीहून आली, ट्रकवर बसून.
एका जिनिंग मॅनेजरची, चौसष्टची मार्क टू अँबॅसिडर,
सीटखाली सरकीचे चार दाणे अजून.
मी रंगाचं विचारलं.
मकदूम मिस्त्री म्हणाले, रंग बाद में देखिंगे, डॉक्टरनीबाई,
पैले इसको रुकना सिकाते.

ड्रम निघेना.
तीन दिवस तेल पाजलं, लाकडी हातोडीनं कडेकडेनं
वाजवत राहिले, हळू,
आत कुणी आजारी झोपल्यासारखं.
चौथ्या दिवशी सुटला. काळी भुकटी,
गंजून विटलेल्या स्प्रिंगा,
गळक्या सिलिंडरचा ओशट ओघळ.
अनीस वाकला, गाल फुगवून.
मिस्त्रींनी त्याच्या तोंडावर पंजा धरला.
फुंकायचं नाही.
ओल्या फडक्यानं टिपून घेतलं सगळं,
आणि फडकंही पुरलं, गॅरेजमागच्या बाभळीखाली.
नांदेडला त्यांचे उस्ताद होते,
हरेक ड्रम फुंकरीनं साफ करायचे.
शेवटी शेवटी त्यांना जिना चढवेना.
एवढंच बोलले, आणि पाना मागितला.

लातूरहून आलं सिलिंडरचं पाकीट,
चकचकीत, वर वाघ छापलेला.
आतल्या रबरी वाटीवर त्यांनी नख रोवलं.
खूण तशीच राहिली.
वाघ दुपारच्या गाडीनं परत लातूरला.
खरा माल आला आठ दिवसांनी, हैदराबादच्या एसटीतून,
तेलुगू पेपरात गुंडाळलेला, कंडक्टरच्या मांडीवर.
नख रोवलं. उचललं.
वाटी होती तशी झाली.
दबना और भूल जाना, म्हणाले, येच काम है इसका.

मग नवे शू, पितळी रिव्हेट ठोकून,
स्प्रिंगा ओढताना दातओठ खात,
चाक पुरतं अडेस्तोवर ॲडजस्टर आवळला
आणि दोन खटके मागं.
फिरवून कान लावला.
श्श्… श्श्…
इतकं घासलंच पाहिजे. अडलं नाही पाहिजे.

अंधारून आलं तेव्हा हवा काढायची राहिली होती
आणि अनीस नमाजला गेलेला.
मला सीटवर बसवलं. ते गाडीखाली, नुसता आवाज.
दाबा.
धरा.
धरून ठेवा, मी सांगेपर्यंत सोडू नका.
सोडा.
नळीतून बुडबुडे, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत.
आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो.
दाबा. धरा.
पायाखाली आधी दलदल होती,
मग चिखल,
मग एकदम जमीन.

सकाळी हत्तीबेटाच्या उतारावर
देवणी गायींचा कळप आडवा आला.
मी पाय ठेवला.
ना डावीकडे ओढ, ना उजवीकडे. गाडी सरळ थांबली.
एक वासरू, कपाळावर काळा ठिपका,
बंपरमधल्या वासराकडे बघत राहिलं.
गुराखी खिडकीशी आला:
मॅडम, हिच्या मायला खुरकुताची सुई तुम्हीच टोचली होती ना?
टोचली असेन. सुया रोजच टोचते.

मिस्त्री उतरले. एकेका चाकापाशी उकिडवे बसले,
पंजाची उलटी बाजू ड्रमला लावत,
मी जनावराच्या कानाला लावते तशी, ताप आहे का बघायला.
तिसऱ्याशी जास्त वेळ थांबले.
मागचं डावं जरा गरम आहे.
उद्या आणखी एक खटका.