साल

अंबाझरीच्या धक्क्यावर मी जाकिटं देते.
बावीस मोठी, नऊ लहान.
एकाची शिट्टी कोणीतरी काढून नेली,
ते मी उलटं टांगून ठेवते,
चुकून हातात यायला नको.

सोमवारी बोट बंद.
सोमवारी सगळी धुते, कठड्यावर वाळत घालते,
आणि फिरायला आलेले म्हणतात,
पाह्य, बाईनं संत्र्याचं दुकान मांडलं.

संत्र्यावरूनच सांगते मी पोट्ट्यांना.
आपल्या संत्र्याची साल सैल,
अंगठा घातला की सुटते.
जाकीट तसं नको बाबू,
जाकीट मोसंबीसारखं,
सुरीशिवाय निघू नये.

मग जाकिटाचे दोन्ही खांदे धरून वर ओढते.
हनुवटी आत गेली, कान झाकले, तर सैल.
पुन्हा बांधते.
मांड्यांमधला पट्टासुद्धा,
ज्याला सगळे हसतात.

"मले पोहता येते," परवा निहाल नावाचा एक म्हणाला,
आठेक वर्षांचा, पुढचे दात नसलेला.
म्हटलं, येत असन.
माह्या भावाले बी येत होतं.
ढिवराचं पोरगं, तळ्याच्या पार मधात जाऊन
शिंगाडे आणायचा, वेल दातात धरून.
एवढंच म्हटलं.
पुढचं मी लेकरांना सांगत नाही.
तेवढ्यात पट्टा बांधून होतो.

त्याचा बाप जाकीट मांडीवर घेऊन बसला.
"गरम होते न ताई. एक फेरा तर आहे.
अन् फोटोत पोट दिसते."
पाटीवर नियम लिहिला आहे,
पण उन्हानं "बंधनकारक"मधलं बंधन उडालं,
नुसतं कारक उरलं.

मी दोर सोडला नाही.
युवराजभाऊनं इंजिनला हात लावला नाही.
अकरा माणसं घामानं निथळत
माझ्याकडं पाहत राहिली.

निहाल बसल्या बसल्या सरकत गेला.
(बोटीत उभं राहायचं नाही, हे ध्यानात होतं.)
जाकीट बापाच्या गळ्यात घातलं,
आणि खांदे धरून
सगळा जीव लावून वर ओढलं.
"हनुवटी आत जाऊन राह्यली पप्पा. बांधा."

बोट गेली.
जाताना अकरा मोजले.
पलीकडच्या काठापाशी शिट्टी वाजली
आणि मी चप्पल न घालता धक्क्याच्या टोकाशी.

उगाच फुंकत होतं पोट्टं.
आल्यावर चांगलं रागवायचं ठरवलं.
आलं, मी अकरा मोजले,
शिट्टी पदरानं पुसली
आणि जाकीट खुंटीला लावलं.