खुंटा

ताम्पेरेत, चौथ्या मजल्यावर,
रैमोच्या टेबलाशी एक काळा ठोकळा,
खुंट्यासारखा, जागचा न हलणारा.
संध्याकाळी तो सॅकमधून लॅपटॉप काढतो,
राईच्या पावाएवढं वजन, तेवढंही नाही,
आणि दावं बांधावं तशी
एकच वायर जोडतो.
खट्.
दोन्ही पडदे डोळे उघडतात,
कीबोर्डवर हिरवा ठिपका,
प्रिंटर उगाचच घसा खाकरतो.
एवढ्याशा जिवामागं केवढा गोतावळा!

एक रविवार सोडून इल्वा येते.
तिचीही सॅक हलकीच:
वही, इन्हेलर, एका कानाचा ससा.
बाकी सगळं इथंच, तिची वाट बघत.
दुसरा ब्रश, दुसऱ्या चपला,
आणि तो पलंग, ज्यावर मधल्या आठवड्यात
रैमो इस्त्रीचे कपडे ठेवतो.

निघायच्या दिवशी
तो आधी स्क्रीनवर 'सुरक्षित काढा' दाबतो,
आता चालेल, असं दिसेपर्यंत थांबतो,
मग वायर.

दारात तो तिच्या जॅकेटची चेन
पार हनुवटीपर्यंत ओढतो.
पुन्हा थोडी खाली घेतो.
ससा घेतलास ना?

नाही, ती म्हणते,
या वेळी राहू दे त्याला इथं.