ठोकून पाहणं

म्हण आहे आपल्यात, घर पाहावं बांधून.
इथे अजमानात ते बांधलेलंच असतं,
सतरावा मजला, खाडीकडे तोंड.
आपण फक्त ठोकून पाहायचं.

माझ्याकडे त्यासाठी एक जुना बंदा रुपया आहे.
कंपनीने दिलेली दांडी बॅगेतच राहते.
ठक. ठक. ठक. भरीव.
ठक. ठक.
ठप.
इथे खाली सिमेंट पोचलेलं नाही.
स्वयंपाकघराच्या दारापासून तिसरी फरशी.
मी निळी चिकटपट्टी लावतो.

घेणारा निरंजन धामणसकर माझ्या मागेमागे,
बूट बाहेर काढून आलाय, देवळात यावं तसा.
त्याची बायको हृता सगळे नळ एकदम सोडून
चौथ्या नळाचा जीव कसा जातो ते ऐकतेय.
हुशार आहे. हे मी शिकवलेलं नाही.

उष्णतेच्या कॅमेऱ्यात भिंत जांभळी दिसते,
खिडकीपाशी पिवळी, ऊन शिरतंय तिथे,
आणि कपाटामागे एक गडद निळा डाग,
डोळ्यांना न दिसणारा.
ओल.
ऑगस्टात, सेहेचाळीस डिग्रीत, वाळवंटाच्या कडेला.
लोक म्हणतात, इथे कसली आलीय ओल?
एसीच्या नळीला कुणीतरी उलटा ढाळ दिलाय, साहेब,
पाणी बाहेर जाण्याऐवजी घरी परत येतं.

विकणारे रिफ्अत सर, तांता गावचे, गणिताचे मास्तर,
हॉलमध्ये उरलेल्या एकुलत्या खुर्चीवर बसून होते.
मी वही मिटली तेव्हा म्हणाले,
छोट्या खोलीची कडी तू पाहिली नाहीस.
जोरात दार लागलं की अडकते.
माझी बायको एका शुक्रवारी दोन तास आत होती.
मग जरा थांबून:
दाराआडून ती जेवढं बोलली त्या दिवशी,
तेवढं समोर बसून कधी बोलली नाही.

मी लिहिलं, कडी नादुरुस्त, बदलावी.
अंदाजे खर्च नव्वद दिरहम.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
विकणाऱ्याने सांगितलेलं कलम.

लिफ्टमध्ये धामणसकरने हळूच विचारलं,
घेऊ का हो?
हे मला विचारायचं नसतं.
मी भिंतींबद्दल सांगतो. कर्जाबद्दल नाही.
या देशात तुम्ही अजून किती वर्षं असाल, त्याबद्दल तर नाहीच.
म्हणालो, अहवाल सकाळी येईल.
पण मी तुमचा भाऊ असतो तर?

भाऊ.
पाच वर्षांपूर्वी गजूने कुडाळहून फोटो पाठवले होते,
वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, नाव माझं, निवड त्याची.
हॉल, मोरी, गॅलरी, पंख्याखाली उभा तो स्वतः,
इस्त्रीच्या शर्टात.
दादा, कसो वाटता?
सातव्या फोटोत, बेडरूमच्या कोपऱ्यात, छताला लागून,
हातभर तुकडा बाकी भिंतीपेक्षा पांढरा होता.
नुऐमियातल्या खोलीत, वरच्या बंकवर,
खालचा नेपाळी घोरत असताना
दोन बोटांनी ताणून तो मी मोठा केला.
त्या ताज्या रंगाखाली काय आहे ते मला ठाऊक होतं.
गच्चीचं पाणी कुठून वाट काढतं,
कितव्या पावसाळ्यात पोपडे धरतात,
अगदी कलमवार.
लिहिलं, मस्त.
वर एक अंगठा.

सुट्टीत जातो तेव्हा त्या कोपऱ्याखाली
गजूने आधीच कपाट सरकवून ठेवलेलं असतं.
तोही बोलत नाही, मीही नाही.
रुपया खिशातच असतो.

लिफ्ट तळाला टेकली. दार उघडलं,
अंगावर ओल्या फडक्यासारखी हवा.
हृता म्हणाली, सांगा की.
मी म्हणालो, भाऊ असता तर गप्प बसलो असतो.
तुम्ही पैसे दिलेत.
दोघं हसली. त्यांना विनोद वाटला.
म्हटलं, कपाटामागची भिंत
आधी त्यांच्याकडून फोडून घ्या.