चार मिलिमीटर

मे महिन्यातली जनसुनावणी. सभागृहात दोन कूलर,
एकाची खस वाळून गेलेली.
मंचामागे नकाशा टाचण्यांनी ताणलेला,
त्यावर ती लाल रेघ:
दिघोरी ते कळमना, हलकी रेल्वे, अकरा थांबे,
बाविसाव्या वर्षीही प्रस्तावित.

"थोरली मेट्रो नांदून राह्यली,
धाकटी अजून हळदीलेच बसून,"
मागून कोणी म्हणालं. अध्यक्षसुद्धा हसले.

मी चौथ्या रांगेत. टोकन एकतीस.
नगररचना विभागातून निवृत्त, आरेखक.
रेघ माझी आहे.

यशोधरा खोब्रागडे बोलल्या, मेडिकलमधल्या सिस्टर:
"रात्रपाळी सुटली का ऑटोवाला तोंड पाहून भाडं सांगते.
रेल्वे हलकी हाये का जड, मले काय करायचं?
तिचं तिकीट छापलेलं असते. बस, तेवढं द्या."

जाकीर ई-रिक्षावाला उठला, रुमालाने मान पुसत:
"माझे एकोणीस हप्ते बाकी हायत, साहेब.
वीसव्या महिन्यात आणा, मी हार घालतो."

एका गुरुजींनी कागदावरून वाचलं, एवढ्या पैशात दोनशे बस येतात.
मागून प्रश्न आला, आहेत त्या बस कुठे जातात?
मग थोडा वेळ कोणी कोणाचं ऐकलं नाही.
वाळल्या खशीचा कूलर तेवढा सगळ्यांना होकार देत घरघरत राहिला.

आणि मग, दरवेळी निघतं तसं, ते वळण निघालं.
नंदनवनच्या पुढे रेघ सरळ जाता जाता
एकदम उजवीकडे झुकते,
पुंडलिक हेडाऊंच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर.
"इथंच काहून वाकली?"
त्या वेळच्या नगरसेवकाचा प्लॉट होता पलीकडे, एक म्हणाला.
मारुती वाचवला, दुसरा.
तिसऱ्याकडे माहितीच्या अधिकारातलं उत्तर होतं, लॅमिनेट केलेलं:
अभिलेख उपलब्ध नाही.

अभिलेख माझ्या उजव्या मनगटात आहे.
तोही मे महिनाच. शेहेचाळीस अंश.
शीट तीन आणि शीट चार जोडत होतो,
कूलरच्या जाळीतून एक थेंब उडाला,
जोडावर कागद फुगला, टेप सरकली.
वाळल्यावर पाहिलं, रेघेला रेघ मिळत नव्हती.
चार मिलिमीटर.
शाई भरून झाली होती. मी एक देखणा वळसा काढला.
साहेब म्हणाले, छान, प्राथमिकच तर आहे.
कागदावर चार मिलिमीटर,
जमिनीवर वीस मीटर,
म्हणजे रस्त्याची डावी बाजू सुटते
आणि उजवी बाविस वर्षं नोटिशी घेते.

टोकन एकतीस. उभा राहिलो. गुडघा वाजला.
सांगितलं सगळं. थेंबासकट.

आधी शांतता. मग कोणीतरी "बाप्पा!" म्हणालं,
आणि हशा बाल्कनीपर्यंत गेला.
लॅमिनेटवाला गंभीरपणे म्हणाला,
"काका, कोणाचा दबाव हाये तुमच्यावर?"
इतिवृत्तात काय लिहिलं ते मी वाकून पाहिलं:
एका ज्येष्ठ नागरिकाने हवामानाविषयी मत मांडले.

बाहेर ऊन अजून जागेवरच.
हेडाऊ माझ्या मागून चालत आले.
त्यांच्या गच्चीवर कॉलमचे गज उभे आहेत,
टोकांवर उलट्या बाटल्या, पूर्वी हिरव्या असाव्यात.
पोरगा पहिलीत होता तेव्हाचे गज.
आता तो पुण्याला असतो, वरच्या मजल्याचं विचारत नाही.

"खरंच थेंब होता?"
हो.
"पाण्याचा?"
हो.

त्यांनी बराच वेळ बाटल्यांकडे पाहिलं.
मले वाटे कोणी मोठा माणूस असंन, ते म्हणाले,
आणि त्या आवाजात राग नव्हता,
काहीतरी हरवल्यासारखं होतं.
मग दुकानाचं शटर अर्धं वर केलं,
स्टूल पुसलं, म्हणाले,
बसा. चहा सांगतो.
पाणी नका मागू बाप्पा तुम्ही.