शेंडे

किन्हीच्या मतदारयादीत
भाग दोनमध्ये शेंडे एकशे त्रेचाळीस.
अंगणवाडी माझ्याकडे, म्हणून यादीही माझ्याच गळ्यात.
दुपारी पोरं झोपली की मी शेंडे मोजत बसते.

बकाराम शेंडे. याच्या जोडीनं शंकरपट मारला
त्या साली, ज्या सालाबद्दल कोणाचंच एकमत नाही.
घरात बैलांचा फोटो आहे, बकारामचा नाही.

दादाजी मास्तर शेंडे. यांनी अख्ख्या पिढीला
एक जुलै ही जन्मतारीख दिली.

सीताबाई शेंडे, मयत, नाव कमी करायचं राहिलंय.
साप उतरवायची. मंत्र झाला की कानात सांगायची,
"आता दवाखान्यात न्या जी, लवकर."
तिच्या हातचं कोणी मेलं नाही, ते यामुळं.

एक शेंडे चुलबंदीत बुडाला.
त्याचं पहिलं नाव गेलं पाण्यात,
डोहाला अजून शेंडेडोह म्हणतात.

आणि एक शेंडे असा, जो कधी जन्मलाच नाही.
मंडईच्या रात्री, वडशाच्या कंपनीच्या नाटकात,
दुसऱ्या अंकात आला. काळा कोट, चिकटवलेली मिशी.
"मी दामाजी शेंडे! या बोटावर गाव नाचतो!"
लिहिणाऱ्याला काय ठाऊक, किन्हीत केवढे शेंडे.
मंडपाच्या डावीकडून वरच्या आळीचे उठले,
उजवीकडून खालच्या आळीचे.
ज्यांच्या विहिरी वेगळ्या, मसणवट्या वेगळ्या,
ज्यांनी एकमेकांच्या मांडवात पत्रावळ उलगडली नाही कधी,
ते पहिल्यांदा एका सुरात ओरडले,
"आमचं नाव कायले बदनाम करता बे?"
पेटी थांबली. मॅनेजर हात जोडून आला.
तिसऱ्या अंकात खलनायक कारखानीस झाला,
कारण किन्हीत कारखानीस एकही नाही.

मी वरच्या आळीची.
तेव्हा मंडपामागं, चहाच्या ठेल्यापाशी उभी होते
खालच्या आळीतल्या एका शेंडेसोबत.
तो बशीत फुंकर घालत म्हणाला,
"पाय बरं, झाले ना दोन्ही शेंडे एक."

पुढं तहसीलीत बाबू म्हणाला,
"बाई, चुकलं. इथं सासरचं आडनाव लिहा."
लिहिलंय, म्हटलं.
"मग माहेरचं?"
तेही लिहिलंय.
त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला,
फॉर्म तोच होता.

बापानं बारा वर्षं माझं नाव घेतलं नाही.
म्हणजे अर्धंच घेतलं नाही.
उरलेलं अर्धं त्याला रोज घ्यावं लागायचं,
सोसायटीत, रेशनच्या दुकानात, सहीच्या शेवटी.

मी त्याची सगळ्यात धाकटी.
शेंडेंचं शेंडेफळ, म्हणायचा,
आणि स्वतःच्याच कोटीवर हसायचा,
दर वेळी नव्यानं.

आपण मूळचे कुठले, विचारलं की म्हातारे
वैनगंगेपलीकडं बोट करतात, मग चुना मळत बसतात.
गोष्टीला शेंडा ना बुडखा.
नाही, शेंडे तर एवढे आहेत.
बुंधाच कोणी पाहिला नाही.

या वर्षी घरोघर पडताळणी.
घर क्रमांक एकसष्ट मी शेवटी ठेवलं.
अंगणात धान वाळत होतं, कोंबड्या हाकलत तो बसला होता,
मोतीबिंदूनं डोळे दुधाळ झालेले.
"कोन?"
यादीवाली.
हातातली काडी थांबली. कोंबड्या धानावर आल्या.
मी नाव वाचलं, वय वाचलं,
त्यानं चाचपडत सही केली,
आडनाव नेहमीसारखं कागदाबाहेर गेलं.

मी उठले तेव्हा म्हणाला, कोंबड्यांकडं पाहत,
"किती भरले शेंडे?"
एकशे त्रेचाळीस.
"तुले धरून?"

मी परत खाली बसले, पहिलं पान काढलं
आणि पुन्हा मोजायला घेतलं.