फॉल्ट

वरुडच्या कोल्ड स्टोरेजात, संत्र्यांच्या क्रेटांमागे
सेन्सरला आकडे भरवतोय :
पंचवीसला पिवळा दिवा, पन्नासला भोंगा.

"शंभर करून टाका ना," गुणवंत म्हणतो,
"रातच्याला फुकट बोंबलते. मले तं वासच नाई येत."
एकवीस वर्षं अमोनियात.

नाही वाढवत.
मेनूत खाली उतरतो : वायर तुटली तर काय दाखवायचं?
आधीच्यानं निवडलंय शून्य.
शून्य म्हणजे हिरवा दिवा,
मेला तरी हिरवाच.

बदलतो. गप्प झालास तर ओरड.
वायर उपसून बघतो : भोंगा.
बाहेर पत्र्यावरची कबुतरं उडतात.
वायर परत लावली तरी वाजतच राहतो
कुणी येऊन बटण दाबेपर्यंत.

गुणवंत दाबतो.
क्रेटातलं एक संत्रं सोलतो,
साल नाकाशी धरून
बराच वेळ उभा.