समोरून

नीट धर, म्हणतोस. धरलाय.
मोबाइलचा एवढासा उजेड, अंगठ्याचं लाकूड झालेलं,
आणि तू होंडाच्या पोटात कोपरापर्यंत,
डोळ्यांनी नाही, बोटांनी बघतोयस.
नारीनमध्ये सूर्य पाचलाच डोंगराआड जातो
आणि आपण दिवा बसवायला दिवा धरून उभे.

रबराची टोपी निघाली.
तारेची कडी निघता निघेना,
निघाली ती थेट बर्फात उडाली.
दहा मिनिटं आपण दोघं गुडघ्यांवर.
तिला शिव्या दिल्यास, तिच्या जपानी आईलाही.
सापडली मला. लगेच दिली नाही.

नवे बल्ब बिश्केकच्या बाजारातले, अठराशे सोम.
खोक्यावर वाघ, आणि आकडा असा
की खरा असता तर जानेवारीत गवत उगवलं असतं.
बल्बच्या पाठीला बटणाएवढा पंखा.
दिव्याला वारा कशाला? विचारलं,
तर म्हणालास, तापतो. तुझ्यासारखा.

का करतोयस हे, ठाऊक आहे मला.
गेल्या हिवाळ्यात तोकोनची घोडी
रस्त्याच्या उजव्या कडेला उभी होती.
दिसलीच नाही, म्हणालास.
तोकोनने विश्वास ठेवला, पैसे घेतले, चहा प्यायला, गेला.
तू मात्र अजून झोपेत
माझ्या पोटरीवर पाय दाबतोस,
ब्रेक असल्यासारखा.

लाव, म्हटलं. लावलास.
गोठ्याची भिंत पांढरीफटक.
मेंढ्यांनी माना वळवल्या, हिरवे डोळे.
तू टाळी वाजवलीस.
मी भिंतीकडे बघत होते:
उजवीकडे उजेड सपाट,
डावीकडे चढत गेलेला
घाटासारखा.

शायलो, ही गाडी जिथली, तिथे डावीकडून चालतात.
तिथल्या डाव्या कडेला कुंपण, सायकली, शाळेतून परतणारी पोरं.
आधी बोटीतून, मग रेल्वेतून, मग खिंडीतून इथे आली,
बारा वर्षं आपलं पेट्रोल प्यायली,
पण मान अजून त्याच कडेकडे.
इथे डावीकडून कोण येतं?
समोरचा.
त्याच्या डोळ्यांत भाला.
आणि उजवीकडे, घोडीच्या जागी,
काडीचाही उजेड नाही.
जिथे होता तिथेच आणखी ओतलास.
काय दिवे लावलेस!

तुला कसं कळणार म्हणा.
सतरा वर्षं तू दिव्यांच्या मागे बसलायस.
समोरून मी बघते,
वळणावर, कुरुतच्या टोपलीपाशी,
डोलोनवरून उतरणारी एकेक गाडी.
जुन्या बल्बांनीही तुझी मला लांबूनच कळायची:
जिच्यासाठी डोळे मिटावे लागतात
ती तुझी.

तू काही बोलला नाहीस.
आत गेलास. वाटलं, रागावलास.
आलास तो काळी चिकटपट्टी घेऊन,
आईची कात्री, आणि एक जाकीट, माझं.

मी काचेवर तळवा ठेवला, सरकवत नेला.
भिंतीवरचा घाट बोटाबोटाने उतरत गेला.
इथे?
जरा अजून.
इथे?
हं.
तिरपा तुकडा कापलास, वाकडाच,
चिकटेना, तर तोंडाची वाफ दिलीस काचेला.
तपासणीवाला हसेल. हसू दे.

घोडीची बाजू अंधारीच राहिली.
तिला पट्टी नाही, वाघाचं खोकंही नाही.
तिथे हळू जा.

चल, दुसरा दिवा राहिलाय.
कडी या वेळी माझ्या हातात दे.
मोबाइल सात टक्क्यांवर आलाय.